आबांची गर्जना

कुस्तीशौकीन हा शब्द कुणी कौतुकानं उच्चारला की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझ्या खाणावळीत जेवायला येणाऱ्या पोरांना हे ठाऊक आहे, म्हणून ती मुद्दाम विषय काढतात आणि मी भडकले की हसतात. हसू देत. आमच्या पणदऱ्याच्या घराच्या ओट्यावर या शौकीन लोकांनी किती वर्षं बूड टेकवलं, आईच्या हातचा किती चहा ढोसला आणि शेवटी आम्हाला काय दिलं, हे त्यांना कुठं माहीत आहे? मातीत उभं राहून ज्यांनी घाम गाळला त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यातल्या एकाची तर मी मुलगीच. मी बोलतेय ते काठावर बसून मिशीला पीळ देणाऱ्यांबद्दल. उभ्या जन्मात ज्यांनी कधी लंगोट लावला नाही आणि तरी कुणाचा कुठला डाव कसा चुकला हे मरेपर्यंत सांगत बसले, त्यांच्याबद्दल.

माझे वडील, म्हणजे आबा, रंगा पैलवान म्हणून सगळ्या बारामती तालुक्यात माहीत होते. मला कळायला लागलं तेव्हा त्यांची कुस्ती सुटून बराच काळ लोटला होता. आजोबांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, आबांच्या वेळेला ऊस आला आणि गोठ्यात दोन म्हशी आल्या. अंगानं ते तेव्हाही एवढे रुंद होते की स्वयंपाकघराच्या दारातून जरा तिरके होऊन यायचे. कान चुरगळून गेलेले, मानेला वळी पडलेली, आणि या सगळ्या डोंगराएवढ्या देहातून आवाज निघायचा तो अगदी बारीक, मऊ. म्हशीला हाक मारायची तरी आईला सांगायचे. आबा ओरडले, असं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं त्याच्यावरच आहे.

संध्याकाळचं दूध डेअरीला घालून झालं की ओट्यावर घोंगडं पडायचं आणि एकेक शौकीन टपकायचा. त्यांचा म्होरक्या गुलाबतात्या. पांढराशुभ्र नेहरू शर्ट, तोंडात कायम तंबाखूचा बार, दोन्ही हात मोकळे, कारण त्या हातांना कधी काही काम असलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेत वाटेकऱ्याकडं आणि तात्या आमच्याकडं. आल्याआल्या दारातून आत बघून म्हणायचा, "वैनी, पैलवानाचं घर हाय, च्या जरा दुधाचाच टाका." आत स्टोव्हला पंप मारल्याचा फसफस आवाज सुरू व्हायचा. आई तोंडानं काही बोलायची नाही, पण पातेलं असं आदळायची की मला सगळं कळायचं. डेअरीला घातल्यावर उरलेलं दूध हे असं ओट्यावर जायचं, आणि मी आणि बाळू, माझा धाकटा भाऊ, आम्ही कोऱ्या चहात भाकरी बुडवून खायचो. मला त्या चहाचा रंग अजून आवडत नाही. खाणावळीत मी कोरा चहा करतच नाही.

चहा पोटात गेला की तात्याला कंठ फुटायचा. जुने पैलवान एकेक करून ओट्यावर उभे राहायचे. अमका म्हणे एका बैठकीत बोकडाचं काळीज संपवायचा. तमक्याला मैदानाच्या आदल्या दिवशी पानातून काहीतरी घातलं, म्हणून त्याच्या पायात गोळे आले. तिसरा एका बाईच्या नादानं गेला. ही सगळी आतली माहिती. "आतली गोष्ट सांगतो, भायेर बोलू नका," असं म्हणूनच सुरुवात व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पारावर, सलूनमध्ये, एसटीत. कुठल्या तालमीच्या आत तात्या कधी गेला होता देव जाणे. पण सांगताना असा रंगून जायचा, की त्या पैलवानाच्या उशाशीच झोपला होता.

सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र आबांची. तरुणपणी एका जत्रेत बारामतीचा रंगा आणि इंदापूरचा निवृत्ती अशी जोड लागली होती. ऊन उतरलं, दिवस मावळला, तरी कुस्ती निकाली होईना, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. झालं एवढंच. पण बरोबरीत सुटलेली कुस्ती शौकिनांना पचत नाही. त्यांना कुणीतरी पडलेला लागतो. तेव्हापासून आमच्याकडचे शौकीन म्हणायचे, निवृत्तीनं अंगाला तेल चोपडलं होतं. इंदापूरकडचे म्हणायचे, रंगानं पंच फोडले होते. दोन्ही तालुक्यांचे लोक एकमेकांच्या जत्रेत गेले की यावरून गचांडी धरायचे. आणि ज्यांच्या नावानं हे चालायचं त्यातला एक, आबा, भिंतीला टेकून गालातल्या गालात हसत बसायचा. ते का हसतात हे फक्त आम्हा घरच्यांना माहीत होतं. कारण दुसरा दर बाजाराला आमच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी खाऊन जायचा.

होय, निवृत्तीनाना. ती कुस्ती सुटल्यावर दोघं एकाच झाडाखाली अंग रगडून घ्यायला पडले होते, एकाच तांब्यातलं पाणी प्याले, आणि तिथंच त्यांची जी गट्टी जमली ती जमली. पण उघडपणे भेटायची सोय नव्हती. भेटले असते तर शौकिनांनी लगेच बोंब मारली असती की बघा, दोघांचं आधीपासून संगनमत होतं. म्हणून बारामतीचा बाजार असला की नाना बाजाराच्या नावानं इंदापुरातून निघायचा, एसटीनं पणदऱ्याच्या अलीकडं उतरायचा आणि उसातल्या पाटाच्या कडेनं आमच्या मागच्या दारानं आत यायचा. त्याला मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी लागायची, आणि आई त्या दिवशी कुरकुर न करता वाटण वाटायची. आमच्यासाठी त्याच्या धोतराच्या ओच्यात पेरू असायचे.

एकदा तो जरा उशिरापर्यंत थांबला आणि बाहेर ओटा भरला. तात्याचं सुरू झालं, "निवृत्ती म्हंजी काय पैलवान हाय व्हय? तेलावर टिकला त्यो. रंगाचा हात नुसता सटासट निसटत हुता." आत नानाच्या तोंडात घास. तो आईकडं वाकून हळूच म्हणाला, "वैनी, तेल न्हवतं वो ते. घाम हुता. तुमच्या मालकानंच काढला." आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्याला असा ठसका लागला की आईनं घाईघाईत ताट खाली टाकून आवाज केला. बाहेरून तात्या, "कोन हाय वैनी आत?" आई म्हणाली, "माझा भाऊ आलाय, जेवतोय." "मग जेवून भायेर पाठवा की. निवृत्तीची चार बिंगं कळत्याल त्यास्नी." नाना दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होता, डोळ्यातून पाणी, आणि आईनं तोंडात पदर कोंबलेला. माझ्या आयुष्यात मी एवढी हसलेली आई दुसऱ्यांदा पाहिली नाही.

त्याच सुमारास गावात केबल आली आणि बाळूला परदेशी कुस्तीचं वेड लागलं. रंगीत चड्ड्या घातलेले, केस वाढवलेले धिप्पाड लोक, खुर्च्या घेऊन एकमेकांना मारायचे. त्यांच्या चित्रांचे पत्ते पोरं खिशात घेऊन फिरायची. तात्यानं एकदा त्याचे पत्ते बघितले आणि थुंकून म्हणाला, "ही कुस्ती न्हाय रं पोरा, ही नुरा हाय नुरा. आधी ठरवून पडायचं. आमच्या मातीत आसलं चालत न्हाय." नुरा म्हणजे ठरवून खेळलेली लटकी कुस्ती. पैलवानाला आईबहिणीवरून शिवी दिली तरी तो एकवेळ गप्प बसेल, पण नुरा म्हटलं की त्याच्या अंगाची लाही होते. मैदानात ही एकच शिवी पुरते. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा, टीव्हीपुढं.

नाना येण्याला आणखी एक कारण होतं. त्याची मान गेली होती. इंदापुरात तो तालमीत पोरांना शिकवायचा, वस्ताद होता. कधीतरी एका दांडग्या पोराला डाव दाखवताना मानेत कळ आली ती गेलीच नाही. हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या, कधीकधी हातातला पेला सुटायचा. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आता मातीत उतरायचं नाही, मानेला आणखी एक हिसका बसला तर हातपाय जातील. डॉक्टरनं गळ्यात घालायला पट्टा दिला होता. तो पट्टा नाना फक्त आमच्या घरात घालायचा, जाताना काढून पिशवीत तळाला ठेवायचा. आई तव्यावर वाळू तापवून तिची पुरचुंडी बांधायची आणि आबा स्वतःच्या हातानं त्याची मान शेकायचे. ते एवढे मोठे हात आणि ती छोटीशी पुरचुंडी. मी एकदा विचारलं, "नाना, तुमी लोकांना सांगत का न्हाई?" तो म्हणाला, "आगं, वस्तादाचीच मान मोडल्याली म्हणल्यावर कोन आपलं पोरगं तालमीत धाडंल?" त्याचं खरं होतं. घरी बायकोला, म्हणजे काशीकाकीला, तेवढं माहीत होतं.

आणि मग शौकिनांच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या एका गावच्या जत्रेत मैदान भरायचं होतं. तात्यानं आणि इंदापूरच्या तसल्याच रिकामटेकड्यांनी, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नव्हते, एकत्र बसून ठरवलं की जुनी जोड पुन्हा मातीत उभी करायची. खरी कुस्ती नाही हो, नुसती सलामी. पैलवानांना विचारण्याच्या आधी रिक्षाला भोंगा लावून गावोगाव पुकारासुद्धा झाला. आबांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. तात्या म्हणाला, "आता रं? तिकडून निवृत्ती येतोय आन तू घरात बसणार? लोक काय म्हंतील?" तिकडं नानाला हेच ऐकवलं असणार, दुसरं काय.

पुढच्या बाजाराला नाना आला. आई वाटण सोडून उठली आणि दोघांच्या पुढ्यात उभी राहिली. "काय गरज हाय? तुमची मान, यांचं वय. त्या मेल्यांच्या टाळ्यांसाठी मातीत जायचं का?" नानानं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "वैनी, नुसती सलामी हाय. हात मिळवू, माती लावू, जराशी खडाखडी करू आन गळामिठी. बास. आवो, इतकी वर्सं मी या घरात चोरावानी मागल्या दारानं येतोय. येकदा समद्या लोकांदेखत मला याला मिठी मारू द्या. मग कोन काय म्हणल? पुढल्या बाजाराला बघा, पुढल्या दारानं येतो, त्या गुलाबतात्याच्या मांडीला मांडी लावून च्या पितो." आबांचा चेहरा उजळला. त्या हौसेपुढं आईचं काय चालणार? तिनं एवढंच करून घेतलं की आबांना चुलीवर हात ठेवायला लावला. नानाच्या मानेला हात लावायचा नाही. आबांनी शपथ घेतली.

जत्रेच्या दिवशी आम्ही उसाच्या ट्रॅक्टर ट्रॉलीतून गेलो. बायकांनी मैदानात जायचं नाही हा नियम, म्हणून ट्रॉली काठाला उभी केली आणि आम्ही तिच्यातूनच बघत होतो. तांबडी माती, तिच्यात ताक, हळद, तेल घालून मळलेली, तिचा वास ट्रॉलीपर्यंत येत होता. हलगी कडाडत होती. लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या झाल्या, मोठ्या झाल्या, आणि भोंग्यावर आबांचं आणि नानाचं नाव पुकारलं. दोघं लंगोट लावून मातीत उतरले तेव्हा मला लाज वाटली, ती दोघांची पोटं बघून. पण त्यांनी वाकून माती उचलली, एकमेकांच्या खांद्याला लावली, आणि मी बघितलं, दोघं हसत होते. लोकांना दिसलं नसेल. मला दिसलं.

खडाखडी सुरू झाली. मनगट धर, सोड, खांद्याला खांदा लाव, मागं सर. आबा नानाच्या मानेपासून हात असे लांब ठेवत होते की माझं मन भरून आलं. आणि शौकीन कुजबुजायला लागले. त्यांना तेवढंच बघायला आवडत असतं तर ते शौकीन कसले? पहिली आरोळी इंदापूरच्या बाजूनं आली, "आरं धर की त्येला! ववाळतोयस का?" मग आमच्या बाजूनं. मग कुणीतरी तो शब्द टाकला. नुरा. आधी एकानं, मग दहांनी, मग सगळ्या मैदानानं टाळ्यांच्या ठेक्यावर. नुरा, नुरा, नुरा. मी तात्याकडं बघत होते. आमच्या ट्रॉलीपासून लांब नव्हता तो. उभा राहून, मूठ वर करून, गळ्याच्या शिरा ताणून तोही ओरडत होता. ज्याच्या घरचं दूध इतकी वर्षं प्याला त्यालाच. कुणीतरी चप्पल भिरकावली, ती नानाच्या पाठीवर बसली. "निवृत्ती, बांगड्या भर!" हे त्याच्याच गावचं माणूस ओरडलं.

त्यानंतर आत काय झालं ते आबांनी आम्हाला नंतर सांगितलं. नाना कानाशी आला आणि म्हणाला, "रंगा, हे सोडणार न्हाईत आपल्याला. मी पट काढतो, तू सरळ पड. मग सुटलो." पट काढायचा म्हणजे वाकून समोरच्याच्या पायात शिरायचं आणि पाय ओढून त्याला पाडायचं. आबांनी मान हलवली. पडायचं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा आबांनी हरायचं कबूल केलं होतं, आणि तेही आनंदानं. नाना वाकला, डोकं खाली घालून पायात शिरला, आणि आबांचं अंग त्यांचं ऐकेना. कुणी पायात शिरलं की कंबर मागं टाकून सगळं वजन त्याच्या मानेवर सोडायचं, हे त्यांच्या अंगात पोरवयापासून घोटून बसवलेलं. डोक्याला कळायच्या आत अंगानं ते केलं. "मी पडायचं ठरवलं हुतं गं," आबा मला कितीदा म्हणाले, "अंगानं ऐकलं न्हाय."

आम्हाला लांबून दिसलं ते एवढंच की दोघं एकदम खाली गेले आणि नाना उलटून पाठीवर पडला. पंचांनी हात वर केला. चितपट. इतक्या वर्षांनी निकाल लागला म्हणून बारामतीवाले मातीत घुसले. हलग्या, शिट्ट्या, गुलालाची पोती. आबा नानाच्या शेजारी गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडावर वाकले होते. त्यांना दोन्ही बाजूंनी काखेत धरून उचललं, आणि जिंकलेल्या पैलवानाला जसं घेतात तसं खांद्यावर घेतलं. एका बाजूला कुणी पाटलांचा पोरगा, दुसऱ्या बाजूला गुलाबतात्या. आणि त्या उंचीवरून आबांना ते दिसलं जे आम्हालाही दिसत होतं. इंदापूरचे शौकीन नानाला उठवत होते. आपला पैलवान मातीत पडलेला दिसू नये म्हणून. चौघा जणांनी त्याच्या हाताला धरून त्याला ओढून बसता केला, आणि त्याची मान पुढं अशी पडली, की माझ्या शेजारी आईनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

आणि आबा ओरडले. तो बारीक आवाजाचा माणूस. मिरवणूक आमच्या ट्रॉलीला खेटून चालली होती, त्यामुळं मी शब्दन् शब्द ऐकला. "खाली ठेवा रं मला! त्येला हलवू नका! त्येची मान मोडल्याली हाय, हलवू नका त्येला, खाली ठेवा!" तोंडात गुलाल जात होता, डोळ्यातून पाणी, हात नानाकडं पसरलेले. आणि खालचे लोक तो हात बघून, ते ओरडणं बघून आणखी जोरानं नाचत होते. पैलवान गर्जतोय, पैलवानाला स्फुरण चढलंय! आई ट्रॉलीतून खाली उतरली आणि नियम गेला खड्ड्यात म्हणून माणसांत घुसली. तिला बायामाणसांचं इथं काय काम म्हणून ढकलून दिली. ती पोचली तेव्हा नानाला खुर्चीत बसवून झालं होतं, गळ्यात हारसुद्धा घातला होता.

पुण्याच्या डॉक्टरनं नंतर काशीकाकीला सांगितलं की पडल्यावर त्याला तसाच आडवा ठेवला असता, कुणी उचलला नसता, तर काही सांगता आलं असतं. उचलल्यावर संपलं. नानाचे हातपाय गेले. जगला तो, काही वर्षं जगला, पण खाटेवर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शौकीन आले. येणारच. घोंगडं नव्हतं तर जमिनीवर बसले. आबा गोठ्यात म्हशीच्या दावणीपाशी बसून होते, उठले नाहीत. तात्यानं हाक मारली, "वैनी, आज तर गुळाचा न्हाय, साखरंचा च्या पाह्यजे." आई रिकामं पातेलं हातात घेऊन दारात आली. तिनं ते त्यांच्या पुढ्यात पालथं घातलं. "हे बघा. ह्या घरात तुमाला आजपासून च्या न्हाय. पानी बी न्हाय. उठा." तात्या हसला, त्याला वाटलं गंमत. आई म्हणाली, "एका मानसाचं हातपाय खाल्लंत, आजून भूक हाय व्हय? उठा म्हणते न्हवं." आईचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. गेले उठून. आबांनी नंतर पारावर जाऊन तात्याला सगळं सांगायचा प्रयत्न केला. की नाना आपला दोस्त होता, की आपण पडणार होतो. तात्यानं चारचौघांत त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ह्येला म्हणत्यात पैलवानाचा मोठंपणा. हरल्याल्याचं बी मन राखतोय." मग घराबाहेर आबा त्या कुस्तीबद्दल बोलायचेच बंद झाले.

बाजाराच्या दिवशी आता आबा इंदापूरला जायचे, हातात दुधाची किटली घेऊन. पहिल्या खेपेला नानाच्या मोठ्या मुलानं अंगणातूनच परत लावलं. त्याच्या कानात तिकडच्या शौकिनांनी ओतलं होतं, की रंगानं जुना डूख धरून मुद्दाम मान दाबली. आबा दारात उभे असताना आतून नानाचा आवाज आला, "रंगा आलाय का रं?" आणि मुलगा म्हणाला, "न्हाय, कुनी न्हाय." आबांनी हे ऐकलं आणि किटली तिथंच ठेवून परत आले. त्या मुलाचा मला अजून राग येतो, बापाचं दुःख होतं हे समजून घेऊनही येतो. असं कितीतरी बाजार चाललं. मग एक दिवस मुलं शेतावर असताना काशीकाकीनं मागचं दार उघडलं आणि हाक मारली, "या भावजी, हिकडनं या." तेव्हापासून आबा मागच्या दारानं आत जायचे, नानाला मांडीवर टेकवून दूध पाजायचे, मान शेकायचे. शेवटपर्यंत. पुढच्या दारानं यायचं जे ठरलं होतं ते कुणालाच जमलं नाही.

आबा गेले ते अगदी अलीकडं, पिकल्या वयात. आई त्यांच्या आधी गेली होती. दहाव्याला नदीच्या घाटावर मांडव, खुर्च्या, माईक. हल्ली श्रद्धांजलीची भाषणं केल्याशिवाय माणूस मेला असं कुणाला वाटतच नाही. काशीकाकी नातवाचा हात धरून इंदापुराहून आली होती, मागं बसली होती. आणि माईकवर कोण? गुलाबतात्या. नव्वदीला टेकलेला, दोघांनी धरून आणलेला, पण आवाज तसाच खणखणीत. "निवृत्तीला आस्मान दाखवल्यावर रंगा पैलवानानं जी गर्जना केली, ती अजून माझ्या कानात हाय. वाघ हुता वाघ!" पोरं मोबाइलवर चित्रण करत होती. काशीकाकीनं पदर डोळ्यावर ओढलेला मला दिसला.

मी उठले. बाईनं तिथं बोलायची पद्धत नाही, पण मी त्याच्या हातातून माईक घेतला. फार बोलले नाही. म्हणाले, "आबांनी गर्जना केली नाही. आबा ओरडत होते. खाली ठेवा मला, त्याची मान मोडली आहे, त्याला हलवू नका. तुम्ही ठेवलं नाही." एवढंच बोलून मी माईक परत दिला. पुढचा वक्ता घाईनं उठला आणि त्यानं साखर कारखान्यावर घसरून कसंबसं सावरलं.

नंतर मांडवात चहा होता. वाढायला माणसं होती, तरी किटली मी माझ्या हातात घेतली होती. तात्या खुर्चीत बसला होता. मी जवळ गेले तसा त्यानं कप पुढं धरला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला सांगू? "पोरी," तो म्हणाला, "मला ह्ये म्हाईत न्हवतं गं. कुनी सांगितलं आसतं तर..."

"तात्या," मी म्हणाले, "आबा तुमच्याच खांद्यावर होते. तुमच्याच कानात ओरडत होते."

त्याचा कप तसाच पुढं होता. मी किटली घेऊन काशीकाकीकडं गेले.